पहिला अडथळा कुठला? : वऱ्हाडचा कापूस आणि गोदावरीचा जलमार्ग

नांदगाव खंडेश्वर या आमच्या गावाच्या नावात देव आहे, तर शेजारच्या दोन गावांच्या नावांत रेल्वे आहे. चांदूर रेल्वे आणि धामणगाव रेल्वे ही नावे अमरावती जिल्ह्यात इतकी अंगवळणी पडली आहेत की, त्यांत कुणाला काही विशेष वाटत नाही. एका चांदूरला बाजार चिकटला म्हणून दुसऱ्याला रेल्वे चिकटली, हे त्याचे सरळ स्पष्टीकरण झाले. परंतु वाहतुकीचे एखादे साधन गावाचे आडनाव होण्याइतके बलवत्तर केव्हा होते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. उलट त्यातून दुसरा प्रश्न निघतो. रेल्वेला जे सामर्थ्य आले ते नावेला का आले नाही?

वऱ्हाडात असा प्रश्न विचारणाऱ्याला लोक हसतील. आमच्या भाषेत बंडी आहे, दमणी आहे, रेंगी आहे, छकडा आहे. बैलामागे जुंपायच्या साधनांना शब्दांची वाण नाही. पाण्यावरच्या वाहतुकीला मात्र एक डोंगा सोडला तर फारसे काही नाही. वऱ्हाडच्या कापसाने नदीतून समुद्राकडे जावे, ही कल्पनाच आम्हांला परकी वाटते. आणि तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही कल्पना कुणा स्वप्नाळू माणसाच्या डोक्यात नव्हे, तर सरकारी कागदांत, मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांच्या निवेदनांत आणि प्रत्यक्ष गोदावरीच्या पात्रात उतरली होती. त्यासाठी नद्या मोजल्या गेल्या, खडक फोडले गेले, बंधारे बांधले गेले, एक स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले, आणि त्यानंतर वऱ्हाडच्या इतिहासलेखनाने या प्रकरणाला तळटीपेपलीकडे जागा दिली नाही.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. इतिहास हा आमचा अधिकृत प्रांत नव्हे. परंतु ब्रिटिश गॅझेटियर ही एक संहिता आहे, तिला निवेदक आहे, त्या निवेदकाचा दृष्टिबिंदू आहे, हे ओळखण्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. या लेखात आम्हांला मुख्यतः एवढेच दाखवायचे आहे की, गोदावरी जलमार्गाची कथा जिथे उभे राहून सांगितली गेली ती जागा समुद्रकिनाऱ्यावर होती, वऱ्हाडात नव्हती. आणि तिच्या अपयशाचे कारणही त्यामुळे चुकीच्या ठिकाणी शोधले गेले.

आरंभ थोडा मागून करायला हवा. रेल्वेपूर्व काळात अमरावतीचा कापूस समुद्राला भिडत होता तो पश्चिमेला नव्हे, पूर्वेला. नागपूर, जबलपूर असा मार्ग धरून तो गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. हे अंतर सुमारे पाचशे मैलांचे होते. मिर्झापूर ही त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील कापसाची मोठी पेठ. तेथे कापूस नावांत चढे आणि गंगेच्या प्रवाहाबरोबर कलकत्त्याला पोहोचे. म्हणजे वऱ्हाडचा कापूस नदीने जात नव्हता असे नाही. तो जात होता. पण परक्या नदीने, आणि तिच्यापर्यंत पाचशे मैल बैलाच्या पाठीवरून.

ही पाठ बंजाऱ्यांच्या बैलांची होती. तांड्याचा नायक, त्याच्यामागे शेकडो बैल, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोण्या, वाटेत जिथे चारा-पाणी असेल तिथे मुक्काम. दिवसाला आठ-दहा मैलांहून अधिक मजल होत नसे. जाताना कापूस, येताना मीठ किंवा धान्य. कापूस दाबून बांधलेला नसे. त्यामुळे धूळ, काटे, पाऊस, बैलांचे एकमेकांना घासणे हे सारे सोसत तो मिर्झापूरला पोहोचे तेव्हा त्याचा रंग ओळखू येत नसे, अशी तक्रार इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत पुन्हापुन्हा येते. ती खरी असणार. मात्र एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: हा कापूस ज्या रस्त्याने जात होता, तो बहुतेक ठिकाणी रस्ताच नव्हता. रस्ता नसतानाही माल नेण्याची ही व्यवस्था होती, आणि ती कुणाच्याही भांडवलावर उभी राहिलेली नव्हती.

या वाहतुकीचे मोजमाप करायचे तर दोन नोंदी हाताशी आहेत. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईकडे पहिली मोठी रवानगी केली. पाचशे बैल, एक लाख वीस हजार पौंड कापूस, किंमत पंचवीस हजार रुपये. दुसरी नोंद अमरावतीची. १८४२ मध्ये येथील एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल कापूस लादून कलकत्त्याकडे पाठवले, असे सांगतात. पहिल्या नोंदीवरून प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोनशे चाळीस पौंड, म्हणजे आजच्या हिशेबाने एकशे नऊ किलोच्या आसपास ओझे पडते. हे पटण्यासारखे आहे. तोच हिशेब दुसऱ्या नोंदीला लावला तर दोन कोटी चाळीस लाख पौंड कापूस होतो. मुंबईच्या बाजारात पुढे रूढ झालेल्या ३९२ पौंडी गठाणींत सांगायचे तर एकसष्ट हजार गठाणी. एका व्यापाऱ्याच्या एका रवानगीत!

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. लाख हा आपल्याकडे आकडा असण्याआधी अलंकार आहे. बंजाऱ्यांच्या परंपरेत लाखो बैल बाळगणारा लखी बंजारा प्रसिद्ध आहे. त्याचे बैल कुणी मोजले नाहीत, मोजायचे नसतातच. अमरावतीच्या बाजारात कुणीतरी सांगितलेली लाखाची गोष्ट साहेबाने वहीत उतरवली आणि 'असे सांगतात' एवढी एक चिठ्ठी तिला जोडली. पुढच्या पुस्तकांनी हळूहळू ती चिठ्ठी काढून टाकली. आमचा या आकड्यावर विश्वास नाही, पण त्याच्या मागच्या आश्चर्यावर आहे. बैलांची ती रांग पाहणाऱ्याला मोजणे सुचले नसावे.

या चित्रात बदल होऊ लागला तो लँकेशायरच्या गरजेमुळे. ब्रिटनच्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालत होत्या आणि तो कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता. या अवलंबित्वाची भीती मँचेस्टरला अमेरिकन यादवीच्या आधीपासून होती. हिंदुस्थानात कापूस का वाढत नाही याची चौकशी करण्यासाठी १८४८ मध्ये जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली पार्लमेंटची समिती बसली, ती याच भीतीपोटी. साक्षीपुराव्यांतून एक मुद्दा ठळक झाला. कापूस पिकतो, पण तो समुद्रापर्यंत स्वच्छ आणि स्वस्तात येत नाही. मग १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले. कारण कागदावर वेगळे होते. निजामाच्या कंटिंजंट फौजेचे थकलेले कर्ज. परंतु कापसाची काळी जमीन हाती आल्याचा आनंद कुणी फारसा लपवला नाही.

आता प्रश्न उरला मार्गाचा, आणि त्यावर दोन माणसांनी दोन दिशा दाखवल्या. जॉन चॅपमन हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मूळ पुरस्कर्ता. हिंदुस्थानच्या कापसावर त्याने १८५१ मध्ये पुस्तकच लिहिले. त्याची दिशा पश्चिम, साधन लोखंडी रूळ, बंदर मुंबई. दुसरा आर्थर कॉटन. (वऱ्हाडच्या कापसाची चिंता वाहणाऱ्या अभियंत्याचे आडनावच कॉटन असावे, हा योगायोग वर्गात सांगितला की झोपलेली मुलेही जागी होतात.) गोदावरीवर दवलेश्वरम येथे बंधारा बांधून त्याने आंध्रचा त्रिभुज प्रदेश भिजवला होता, ते काम १८५२ मध्ये पुरे झाले. तेथील शेतकऱ्यांच्या मनात त्याला आजही देवासारखी जागा आहे. त्याची दिशा पूर्व, साधन नदी, बंदर काकीनाडा, म्हणजे तेव्हाचे कोकोनाडा.

कॉटनचा युक्तिवाद आजही वाचनीय वाटतो. हिंदुस्थानच्या मालाला वेगाची गरज नाही, स्वस्ताईची आहे, असे तो म्हणे. कापसाची गठाण दोन दिवसांत पोहोचली काय आणि वीस दिवसांत पोहोचली काय, ती नासत नाही; मात्र मैलामागे पडणारा खर्च शेतकऱ्याच्या भावातून कापला जातो. पाण्यावरून ओझे ओढायला रुळांवरून ओढण्यापेक्षा फार कमी शक्ती लागते आणि नदी तर आयती तयार आहे. त्याच्यापुढे आदर्श होता तो अमेरिकेचाच. मिसिसिपीवरून वाफेच्या बोटी कापूस घेऊन न्यू ऑर्लीन्सला येत आणि तेथून जहाजे लिव्हरपूलला जात. प्रतिस्पर्ध्याचा कापूस नदीने येतो म्हणून तो स्वस्त पडतो. तर मग वऱ्हाडलाही एक मिसिसिपी हवी.

ती कोणती, हे नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखे आहे. आमच्या तालुक्यातली बेंबळा यवतमाळ जिल्ह्यात उतरते आणि वर्धेला मिळते. मुलताईच्या पठारावरून निघालेली वर्धा अमरावती जिल्ह्याची पूर्व सीमा आखत, कौंडण्यपूरच्या घाटाला स्पर्श करत दक्षिणेला जाते. पुढे तिला पैनगंगा मिळते, नंतर वैनगंगेशी संगम होतो आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते, थोड्या अंतरावर इंद्रावती येऊन मिळते, आणि मग भद्राचलम, पापीकोंडाची घळ, राजमहेंद्री, दवलेश्वरम, कालवा, काकीनाडा. म्हणजे नांदगावच्या शिवारात पडलेला पाऊस शेवटी बंगालच्या उपसागरालाच जातो. या भूगोलात काही शोधून काढायचे नव्हते. पाण्याला जो मार्ग ठाऊक होता तो फक्त मालाला दाखवायचा होता.

अडचण खडकांची होती. या मार्गात तीन ठिकाणी नदीचे पात्र मैलोगणती खडकाळ होते. तेथे पावसाळ्यात भोवरे आणि उन्हाळ्यात नुसत्या शिळा. या तीन जागांना इंग्रजीत 'बॅरियर' म्हटले गेले आणि त्यांना क्रमांक दिले गेले. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्ली येथे, तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे.

हे क्रमांक आम्हांला फार बोलके वाटतात. नावेत कापूस भरून वऱ्हाडातून निघालेल्या माणसाला पहिला भेटणार तो देवलमरीचा खडक. सरकारी कागदांत तो तिसरा आहे. सरकारचा पहिला अडथळा त्याला सर्वांत शेवटी भेटणार. मोजणी समुद्राकडून सुरू झाली, कारण मोजणारे समुद्राकडून आले. त्यांच्या बाजूने हे साहजिक होते. कॅप्टन हेग आणि त्याचे सहकारी मद्रासच्या बाजूने वर सरकत गेले. पण क्रमांक एकदा पडले की कामाचा क्रमही ठरतो. खर्च आणि श्रम पहिल्यांदा दुम्मागुडेमवर पडले, त्यानंतर दुसऱ्यावर, आणि जो अडथळा वऱ्हाड आणि चांदा यांच्या दृष्टीने पहिला होता, त्याच्यापर्यंत पोहोचेतो उत्साह आणि पैसा दोन्ही ओसरले. जलमार्ग उगमाच्या बाजूने, मालाच्या बाजूने बांधायला घेतला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. मात्र ज्या टोकाला कापूस होता ते टोक शेवटपर्यंत उघडलेच नाही, हे खरे.

'अप्पर गोदावरी' हे नावही याच वळणाचे आहे. निजामाने १८६० मध्ये गोदावरीच्या डाव्या तीराचा मुलूख ब्रिटिशांना दिला आणि त्याचा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला. मुख्य ठाणे सिरोंचा. आता त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी, नाशिक, पैठण, नांदेड असा महाराष्ट्र ओलांडून आलेली गोदावरी सिरोंचाला येईपर्यंत बरीच प्रौढ झालेली असते. मराठी वाचकाच्या मनात ती तेथे 'वरची' असूच शकत नाही. चक्रधरांचा संचार, नाथांचे पैठण, समर्थांचे टाकळी, हे सारे ज्या गोदेच्या काठी घडले ती आपली वरची गोदा. सिरोंचाची गोदा वरची ठरते ती फक्त राजमहेंद्रीच्या कचेरीत बसलेल्या माणसाला.

अल्फ्रेड लायल याने संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर आणि चार्ल्स ग्रँटचे मध्य प्रांताचे गॅझेटियर ही दोन्ही पुस्तके १८७० सालची आहेत. म्हणजे जलमार्ग सोडून देण्याच्या एक वर्ष आधीची. दोन्ही उत्तम गद्याचे नमुने आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्यांत नदी ही सतत दोषांच्या भाषेत येते. ती अडवते, ती कमी पडते, ती साथ देत नाही. काठावरच्या गोंड, कोया, ढिवर या लोकांनी याच नदीवर डोंगे चालवले, मासेमारी केली, तराफ्यांनी सागवान खाली सोडले. त्यांच्या लेखी खडक हा नदीचा अवयव होता. अडथळा तो झाला माल मोठा झाल्यावर.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या आणि कापसाचे भाव चढले. मँचेस्टरच्या कॉटन सप्लाय असोसिएशनने गोदावरीसाठी लावलेला तगादा आता सरकारला टाळता येईना. त्याच वर्षी मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्याचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हा या योजनेचा उत्साही पाठीराखा निघाला. मजूर जमवणे हेच तेथे मोठे काम होते. विरळ वस्ती, दाट जंगल आणि हिवताप. पावसाळ्यानंतरचा ताप इतका जबर असे की कामाचा हंगाम दरवर्षी थोड्या महिन्यांवर येई. हे मजूर कोण होते, किती मेले, याविषयी आम्ही वाचलेल्या संहितांत फारसे काही नाही. खडकांना मात्र क्रमांक आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे. जलमार्ग खडकांमुळे फसला, हिवतापामुळे फसला, खर्च वाढला म्हणून फसला, अशी कारणे दिली जातात. ती खोटी नाहीत. पण आमच्या मते यापेक्षा साधे एक कारण आहे आणि ते वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याने पहिल्या दिवशीच सांगितले असते. नदीचे पंचांग आणि कापसाचे पंचांग जुळत नव्हते.

आमच्याकडे पऱ्हाटीची बोंडे फुटतात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग ओटीत कापूस पडू लागतो. दुसरी, तिसरी वेचणी होत होत माघ उजाडतो. हातरेच्यावर सरकी काढायची, गोण्या भरायच्या, की फाल्गुन-चैत्रात माल वाटेला लागायचा आणि मृगाच्या आत बंदरावर पोहोचायचा. कापसाचा सारा प्रवास कोरड्या ऋतूतला. कारण बैलाला चिखल चालत नाही आणि कापसाला पाऊस चालत नाही.

नदीचा प्रवास नेमका उलट. वर्धा आणि प्राणहिता या पावसावर जगणाऱ्या नद्या आहेत. आषाढ ते आश्विन त्या दुथडी; कार्तिकानंतर पाणी झपाट्याने उतरते आणि होळीला वर्धेच्या पात्रातून बंडी पार होते. म्हणजे कापूस तयार होतो तेव्हा नाव चालायला पाणी नाही, आणि पाणी येते तेव्हा कापूस एकतर निघून गेलेला असतो किंवा अजून पेरला जात असतो. नदीने न्यायचा तर कापूस चार-पाच महिने काठावर कोठारात ठेवावा लागणार. एवढे महिने पैसा अडकवून ठेवण्याची ताकद शेतकऱ्यात नव्हती. त्याला सावकार आणि सारा दोन्ही दारात उभे होते. अडत्याला भावाची जोखीम नको होती. बंधाऱ्यांनी पाणी साठवून नौकानयनाचा हंगाम वाढवता येईल अशी अभियंत्यांची आशा होती. परंतु ती तीनही बंधारे पुरे झाल्यावरची गोष्ट.

युरोपातील नद्यांशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ऱ्हाइन नदीवरून आजही रॉटरडॅमच्या बंदरातून कोळसा, खनिज, तेल, धान्य जर्मनीतील डुइसबुर्गला आणि तेथून थेट स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत जाते. त्या नदीला उन्हाळ्यात आल्प्सचे बर्फ पाणी पुरवते, हिवाळ्यात खालच्या खोऱ्यातला पाऊस पुरवतो, आणि मधले कॉन्स्टन्स सरोवर चढउतार सावरून घेते. एकोणिसाव्या शतकात तिचे पात्र सरळ केले गेले. १८६८ मध्ये मानहाइम येथे काठच्या राष्ट्रांनी करार करून तिच्यावरची वाहतूक सर्वांना मुक्त केली. आमच्याकडे गोदावरीचा जलमार्ग बंद पडला तो त्यानंतर तीनच वर्षांनी. ऱ्हाइनलाही पाण्याचा भरवसा कायमचा नाही. २०१८ आणि २०२२ मध्ये काउब येथे पाणी इतके उतरले की मालवाहू बोटी अर्ध्यामुर्ध्या भरून सोडाव्या लागल्या आणि सारी जर्मनी हवालदिल झाली. वर्धेची ती दरवर्षीची अवस्था आहे.

आमच्या दोघांत यावर एकमत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, पंचांग जुळत नव्हते हे कॉटनला कळत होते. पण तो केवळ कापसाचा विचार करत नव्हता. वर येताना किनाऱ्याचे मीठ, खाली जाताना धान्य, जवस, सागवान, आणि दोन्हीकडे सिंचन असा तो मोठा हिशेब होता, आणि कापसाची मागणी लावून सरकारकडून पैसा काढण्याची ती युक्ती होती. मिठाचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई, पण एवढ्या मुलखाला ते पुरणारे नव्हते. बाकीचे बैलांच्या पाठीवर दुरून येई. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्याच्या जिवावर पैसा मागितला त्याच मालाला मार्ग निरुपयोगी असेल, तर त्याला युक्ती नव्हे, फसगत म्हणावे. हा वाद आम्ही येथे सोडवत नाही.

रेल्वेला असे कोणतेच पंचांग नव्हते, आणि तिच्यामागे पैशाचीही वेगळी तजवीज होती. १८४९ च्या करारानुसार जीआयपी कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरला जाई. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, मग घाट फोडून भुसावळ, बडनेरा, आणि १८६७ मध्ये नागपूर. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि जलंब-खामगाव या आठ मैलांच्या फाट्याचे उद्घाटन त्याने केले. कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉयने विदर्भात यावे, यातच सारे आले. पुढच्या वर्षी बडनेरा-अमरावती फाटा सुरू झाला. आणि त्याच १८७१ साली गोदावरीचे काम सोडून देण्यात आले. पुढे वर्धेहून हिंगणघाट-वरोऱ्याकडे जी रेल्वे गेली, ती तर त्या सोडलेल्या नदीच्या खोऱ्यातूनच गेली.

मुंबईने ही संधी पूर्ण साधली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने पश्चिम किनाऱ्याचे महत्त्व आपोआप वाढले. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. कुलाब्याच्या मोकळ्या जागेत गठाणींच्या थप्प्या लागत; पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा बाजार शिवडीला हलला आणि तेथल्या स्टेशनला कॉटन ग्रीन हे नाव राहिले. आमच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' म्हणत. अमरावतीचे 'उमरावती' आणि त्याचे 'उमरा'. ज्या गावाचे नाव हजारो मैलांवर एका जातीचा कापूस म्हणून ओळखले जात होते, त्या गावाला त्या कापसाचा भाव ठरवण्याचा अधिकार मात्र नव्हता.

येथे या साऱ्याचा शेतकऱ्याशी संबंध येतो. वऱ्हाडच्या कापसाला एके काळी समुद्राकडे जाणाऱ्या दोन वाटा होत्या, मिर्झापूरची आणि मुंबईची. तिसरी खोदली जात होती. कलकत्त्याचा भाव पडला तर माल मुंबईला वळवता येई. हे स्वातंत्र्य व्यापाऱ्याचे होते, शेतकऱ्याचे नव्हे, हे खरे. परंतु दोन गिऱ्हाईके असलेल्या बाजारात काही ना काही खाली झिरपते. १८७१ नंतर वाट एक उरली, बंदर एक उरले. मुंबईचा भाव तारेने खामगावला, अमरावतीला येई. त्यातून रेल्वेचे भाडे, दलाली, दाबणी, विमा वजा करून जे उरे तो वऱ्हाडचा भाव. बंदरापासूनचे अंतर शेतकऱ्याच्या खिशातून मोजले जाण्याची ही पद्धत तेव्हा पक्की झाली. कॉटनची योजना अव्यवहार्य होती असे आम्ही म्हणतो, पण हा धोका त्याने बरोबर ओळखला होता. १८७८ च्या पार्लमेंटरी समितीपुढेही तो तेच सांगत राहिला, आणि रमेशचंद्र दत्तांनी आपल्या आर्थिक इतिहासात त्याचा कैवार घेतला तो उगाच नव्हे.

आणि बंजारा? त्याच्या बैलाला रुळांपुढे काम उरले नाही. त्याच १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट आला. तो आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता, नंतर अन्यत्र पसरला आणि भटकणाऱ्या अनेक जमातींप्रमाणे ठिकठिकाणचे बंजारा-लमाणही त्याच्या कक्षेत आले. कालपर्यंत ज्याच्या भटकण्यावर कापसाचा व्यापार उभा होता, त्याचे भटकणे हाच संशय ठरला. हा शिक्का कायद्याने पुसला गेला तो १९५२ मध्ये. महाराष्ट्रात बंजारा आजही विमुक्त जातींच्या यादीत आहेत. वाशीम, यवतमाळचे तांडे हे त्या थांबलेल्या प्रवासाचे मुक्काम आहेत. पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की, त्यांच्या खापरपणजोबांना वर्ध्याहून मिर्झापूरची वाट डोळे मिटून येत होती?

अलीकडे जलमार्गांची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्ग घोषित केले. त्यांत पैनगंगा-वर्धा आहे, वैनगंगा-प्राणहिता आहे, गोदावरीही आहे. यादी वाचताना आम्हांला क्षणभर १८६० च्या दशकातला अहवाल हाती आल्यासारखे वाटले. दरम्यान सिरोंचासमोर मेडीगड्डाचा बंधारा २०१९ मध्ये उभा राहिला तो नावेसाठी नव्हे, तेलंगणाकडे पाणी उचलण्यासाठी. त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातली शेते बुडाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. आमच्या तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. तोही नागपूरहून मुंबईकडेच. पूर्वेच्या समुद्राकडे पाहण्याची सवय आमच्या मुलखाला लागलीच नाही.

अप्पर गोदावरी जिल्हा १८७४ मध्ये मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला, सिरोंचा चांद्याला जोडले गेले. दुम्मागुडेमचा बंधारा अजून नदीत उभा आहे. देवलमरीच्या खडकाला मराठीत नाव काय, हे आम्ही सध्या सिरोंचा-अहेरीकडच्या विद्यार्थ्यांना विचारत आहोत.